वहिवाट

सकाळी सहाच्या सुमारास, दुधाची पिशवी दाराच्या कडीला अडकलेली असते परंतु वर्तमानपत्र अद्याप आलेले नसते अशा त्या मधल्या, बेवारस वेळेत, मी माझा लहानसा ट्रान्झिस्टर उचलून खारघरच्या आमच्या पाचव्या मजल्यावरील सज्जात नेतो, तुळशीच्या कुंडीशेजारी फरशीवर ठेवतो, आणि मग तिजोरीची कळ फिरवावी तितक्या सावधपणे त्याला स्वतःभोवती फिरवू लागतो. नव्या इमारतींच्या भिंतींच्या पोटात सळ्यांचे इतके दाट जाळे असते की मध्यम लहरींवरून येणारा आवाज घरात शिरता शिरताच अर्धमेला होतो. शिवाय त्या पेटीच्या आत तारेचे वेटोळे अंगावर घेऊन बसलेली जी काळी कांडी असते ती मोठी मानी असून, प्रक्षेपण ज्या बाजूने येते तिच्याकडे कूस केल्याखेरीज ती काही ऐकून घेत नाही. तेव्हा थोडे इकडे, किंचित तिकडे असे करता करता एक क्षण असा येतो की इतका वेळ पत्र्यावरच्या पावसासारखी वाजणारी खरखर दुभंगते, आणि गर्दीच्या फलाटावर ओळखीचा चेहरा दिसावा तसा अस्मिता वाहिनीवरचा अभंग तिच्यातून पुढे येतो. ती नेमकी जागा सापडावी म्हणून मी फरशीवर खडूने एक खूण केली आहे. फरशी पुसली गेली की ती नाहीशी होते, आणि दुसऱ्या दिवशी मला नव्याने तपास सुरू करावा लागतो.

या व्यवस्थेला शत्रू एकच, आणि तो म्हणजे आमच्या इमारतीची लिफ्ट. ती खालून वर अगर वरून खाली निघाली की तिच्या यंत्राचा एक करकरीत ओरखडा अभंगावर उमटतो, आणि ती थांबेतो तुकोबांना गप्प राहावे लागते.

"अहो, मोबाइलवर सगळं स्वच्छ ऐकू येतं. ही प्रदक्षिणा कशासाठी?" असे आमच्या घरातून आजवर पुष्कळदा विचारले गेले आहे, आणि प्रश्न रास्त आहे. मुलाने मला दूरध्वनीच्या त्या काचेवर हवे ते गाणे हव्या त्या क्षणी कसे मिळवावे याचे रीतसर शिक्षण दिलेले आहे. मी ते विसरलेलो नाही. परंतु एखादी गोष्ट आपल्याला का आवडते याची कैफियत देण्याची वेळ आली म्हणजे माणसाजवळ सांगण्यासारखे फारसे काही नसते. आणि माझ्यासारख्या, उभी हयात महसूल खात्यात काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या मनुष्याला तर उत्तरासाठी आपल्या जुन्या दफ्तराकडेच वळावे लागते.

त्या दफ्तरात दोन शब्द शेजारी शेजारी नांदत, आणि त्यांचे आपसात फारसे पटत नसे. एक मालकी, दुसरा वहिवाट. मालकीला दस्त लागतो, मोहोर लागते, सही लागते. वहिवाटीला पाय लागतात. मामलेदार कोर्टाचा १९०६ सालचा जो कायदा आहे त्यान्वये, जाण्यायेण्याच्या वाटेला कोणी अडथळा केला तर सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दाद मागता येते, आणि मग स्थळपाहणी होते. अशाच एका पाहणीला, पेण तालुक्यातील एका गावी, मी साहेबांच्या मागून कागदांचे बाड घेऊन चालत गेल्याचे मला स्मरते. ज्याच्या जमिनीतून वाट जात होती त्याने बांधावर काट्या घातल्या होत्या, आणि त्याचे म्हणणे असे की येथे वाट कधीच नव्हती. त्याच्याकडे कागद भक्कम होते. समोर उभ्या असलेल्या म्हातारीकडे काहीच नव्हते. साहेब नकाशा उलगडू लागले तशी ती म्हणाली, "सायब, कागुद काय बगता? गवात बगा." श्रावणाचे दिवस होते, सबंध बांध गुडघाभर हिरवा झाला होता, आणि त्या हिरवळीतून तिच्या झोपडीपासून विहिरीपर्यंत वीतभर रुंदीची एक तांबूस रेघ, तिच्यावर तृणाचे एक पातेही नसलेली, स्पष्ट दिसत होती. पंचनाम्यात ती रेघ मी शब्दांत उतरवली. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो, आणि कर्ज, कुळे, विहिरीच्या पाण्यातले हिस्से असली सारी परक्यांची पावले त्यात नोंदलेली असतात; मला नोकरीच्या काळात सगळ्यात वाचनीय वाटला तो हाच रकाना.

आवडीच्या बाबतीतही माझा दावा एवढाच, वहिवाटीचा आहे. माझ्या आवडत्या वस्तूंपैकी जवळजवळ एकही माझ्या मालकीची कधी नव्हती. मी त्यांच्यावरून चालत गेलो इतकेच.

माझे बालपण अलिबागेस गेले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. या गावाविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि कळल्यापासून तिचा मला विलक्षण अभिमान वाटत आला आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकाच्या सुया त्या विजेने विचलित होतील ही भीती उत्पन्न झाली, आणि म्हणून ती चुंबकीय वेधशाळा १९०४ साली खाडीपलीकडे अलिबागेस हलवण्यात आली. तिच्या वेधगृहाच्या बांधकामात लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळलेला आहे. म्हणजे माझे गाव हे ज्या गावी पृथ्वीचा कानोसा घेताना मध्ये खरखर येत नाही असे म्हणून निवडलेले गाव. आणि मी मात्र माझे सारे संगीत खरखरीतूनच ऐकले.

आमच्याकडे रेडिओ नव्हता. शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर मर्फीचा एक मोठा लाकडी संच होता, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल वाळवणाच्या दोरीसारखी ताणलेली असे. त्या संचाचा परवाना असे. टपाल कचेरीत दरसाल त्याची फी भरावी लागे, आणि वकीलसाहेब ते पुस्तक घराच्या खरेदीखताशेजारी पेटीत ठेवीत. कळ दाबल्यावर आवाज लगेच येत नसे. आधी काच उजळायची, मग आतल्या दिव्यांना ऊब चढेपर्यंत पोटातून एक घुमारा येई, आणि तेवढ्या वेळात ओसरीवरील माणसे घसे खाकरून, पदर सावरून, एखाद्या प्रतिष्ठित पाहुण्याचे स्वागत करण्याच्या पवित्र्यात बसत. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आठवड्याला एक गीत याप्रमाणे बावन्न व्हायची ती त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे छप्पन्न झाली, आणि पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ रोजी, त्यांची समाप्ती झाली. माडगूळकरांची वाणी आणि फडक्यांचे स्वर यांविषयी मजसारख्याने लिहावे असे काही उरलेले नाही. मी सांगणार आहे ती त्यातल्या एका शब्दाची हकीकत आहे.

पुणे केंद्र आमच्याकडे नीट लागत नसे. आवाज भरतीसारखा चढे आणि ओहोटीसारखा उतरे, आणि अशाच एका ओहोटीत एका गीतातला एक शब्द मी चुकीचा ऐकला. तो माझ्या कानात असा रुजला की गीत पुढे शंभर वेळा ऐकले तरी मला माझाच शब्द ऐकू येई. पुष्कळ वर्षांनी छापील पुस्तक हाती पडले, त्यात खरा शब्द पाहिला, आणि तो निःसंशय अधिक सुंदर, अधिक समर्पक होता; तरीही माझी फसवणूक झाल्याची भावना कित्येक दिवस गेली नाही. कवीने माझ्या ताब्यातला मुलूख बळकावला असे काहीसे वाटले. तो शब्द कोणता हे मी येथे लिहीत नाही, कारण लिहिला तर तो चूक ठरेल, आणि सज्जात एकटा असताना मी अजून तोच गुणगुणतो.

दूरचित्रवाणीविषयी माझे प्रेम याहून बेताचे. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि काही वर्षांनी पनवेलच्या सरकारी चाळीत एका बिऱ्हाडी तो संच आला, तेव्हा चिमणराव आणि गुंड्याभाऊ पाहण्यासाठी आम्ही सतरंजीवर दाटीवाटीने बसत असू. 'गजरा' असला की दारातही जागा नसे. प्रभावळकरांचा तो भिडस्त, स्वतःशीच दचकणारा चिमणराव आमच्या कचेरीतील निदान तीन कारकुनांत मला रोज भेटत असल्याने मला त्याचे अप्रूप कमी वाटे, हेही कारण असेल. परंतु खरे सांगायचे तर मला सगळ्यात प्रिय होती ती 'व्यत्यय' ही पाटी. प्रक्षेपण तुटले की पडद्यावर ती येई आणि निश्चल उभी राही, आणि सरकारच्या एखाद्या खात्याने आपल्या हातून चुकल्याचे इतक्या तत्परतेने, कोणी अर्ज न करता, स्मरणपत्र न पाठवता, कबूल केल्याचे दुसरे उदाहरण मला तीन तपांच्या नोकरीत आढळले नाही.

पार्ल्याला माझी बहीण राहत असे. लोकल पार्ल्याच्या जवळ आली की बिस्किटांच्या कारखान्याचा तो भाजक्या साखरेचा वास डब्यात येई, आणि पेंगुळलेली माणसे डोळे न उघडता उठून दाराशी जात. २०१६ साली तो कारखाना बंद झाला. त्यानंतर एकदा मी पार्ले ओलांडून थेट अंधेरीला उतरलो.

शाईची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण ती अजून संपलेली नाही. दांडेकरांनी १९३१ साली गिरगावात घोडा छाप शाईची पूड आणि वड्या करून विकण्यास आरंभ केला, आणि पुढे त्यांच्या उंटाने घोड्यालाही मागे टाकले. शाळेत मी वड्या विरघळवल्या. कचेरीत मला उंटाच्या निळ्या शाईची सवय लागली, आणि ती सवय अद्याप सुटलेली नाही. मागील महिन्यात दौत संपली म्हणून मी जवळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर विशीतला एक मुलगा होता.

"काका, शाई म्हणजे प्रिंटरची ना?"

"पेनची. निळी. कॅमलची दौत."

त्याने आत हाक मारून वडिलांना विचारले, मग खाली बसून, वह्यांच्या गठ्ठ्यांमागे हात घालून, एक खोका बाहेर काढला आणि माझ्याकडे देण्यापूर्वी फुंकर मारली. धूळ उडून आम्हा दोघांच्याही नाकात गेली. "एकच आहे. घेऊन जा, पुन्हा मागवणार नाही," असे तो काहीशा कनवाळूपणे म्हणाला. घरी येऊन मी झाकण फिरवले. काठाशी शाई वाळून तिची निळी, किंचित तांबूस चकाकणारी खपली धरली होती. तो आंबूस, औषधी वास आला, आणि त्याबरोबर एक टेबल आले, एक पंखा आला, आणि छापील नोटिशींची एक चळत आली.

कारण याच शाईने, १९७० साली, बाविसाव्या वर्षी, नोकरीला लागून फार दिवस झालेले नसताना, मी पनवेलला भूसंपादनाच्या नोटिशींमधील रिकाम्या जागा भरीत असे. त्याच वर्षी मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली होती. ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर वसायचे होते. छापील मजकुरात गावाचे नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि खातेदाराचे नाव यांपुरत्या जागा कोऱ्या सोडलेल्या असत. माझे अक्षर वळणदार होते. शिवाय मला ते काम आवडे, हे लपवण्यात अर्थ नाही. ओवे, मुर्बी, कोपरे, बेलपाडे, पेठपाडे ही नावे लिहिताना वेलांटी कोठवर न्यावी याचा मी विचार करीत असे, आणि क्षेत्राचे आकडे एकाखाली एक असे उतरत की साहेबांनी एकदा ती चळत दुसऱ्या कारकुनांना दाखवली होती. त्या जागी पुढे आपले घर असेल हे तेव्हा माझ्या स्वप्नातही नव्हते. निवृत्तीच्या सुमारास मुलाने येथे घर घेतले आणि आम्ही आलो. येथे सारेच असे कोठून तरी आलेले आहेत, आपापल्या लोणच्याच्या बरण्या आणि आपापली दैवते घेऊन.

या शहरात जागांना नावांऐवजी आकडे दिलेले आहेत. आकड्यावर जीव जडत नाही असा माझा समज होता, पण तो येथील मुलांनी खोटा पाडला. "आमचा सेक्टर" हे शब्द ती ज्या अभिनिवेशाने उच्चारतात तो काही गावकुसाच्या अभिमानाहून उणा नाही. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली तेव्हा मी तिच्यातून निव्वळ स्थानकांची नावे ऐकण्यासाठी गेलो. सेक्टर सात, उत्सव चौक, सेक्टर अकरा, सेक्टर चौदा असे करीत गाडी गेली आणि एकाएकी 'पेठपाडा' असे शब्द आले. पुन्हा एक आकडा, आणि शेवटी पेंधर. सातबाऱ्यावरील जुन्या नोंदीला कंस करून वर नवी नोंद घातलेली असावी, आणि कंसातले नाव तरीही वाचता यावे, तसे ते वाटले.

सेंट्रल पार्कात ज्या बाकावर मी संध्याकाळी बसतो तेथे ओव्याचे एक वृद्ध गृहस्थ येतात. आमची ओळख बाकापुरतीच आहे. नावे आम्ही एकमेकांना विचारलेली नाहीत. ते कोणत्याही जागेला सेक्टर म्हणत नाहीत. "खाचरांपलीकडं", "उंबराच्या खाली", "कोंडीपाशी" असे ते बोलतात, आणि बोलताना हात ज्या दिशेला करतात तेथे बँक असते, इंग्रजी शाळा असते किंवा चौदा मजले असतात. एकदा गोष्ट गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर आली, तेथून मूळ नोटिशीवर गेली, आणि बापाला वाचता येत नसल्यामुळे ती आपणच कशी वाचून दाखवली हे त्यांनी सांगितले. मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "पण त्या नोटिशीवरचा अक्षर लय चांगला होता हां."

आम्ही चार कारकून ते काम करीत होतो. अक्षर कोणाचेही असेल.

मी त्यांना काही बोललो नाही. समोर डोंगर होता. पावसाळा असल्यामुळे पांडवकड्याचे पाणी पांढऱ्या दोरीसारखे लोंबत होते. १०७ मीटरांचा तो कडा दुरून हातात धरण्याजोगा दिसतो, आणि दरवर्षी कोणी ना कोणी तो हातात धरायला जाते म्हणून तेथे पावसाळ्यात बंदीहुकूम असतो. माझ्या सर्व आवडत्या स्थळांत हे एकच असे की जेथे मी कधी गेलेलो नाही. पांडव तेथे येऊन स्नान करून गेले अशी कथा आहे. वृद्ध गृहस्थ लहानपणी तेथे गुरे घेऊन जात. "पानी खालून बघायचा नाय," ते म्हणाले, "वरनं बघायचा, पडायच्या आधी." एवढे बोलून ते उठले, आणि आखीव पायवाटेने न जाता, हिरवळीतून तिरपे, फाटकाकडे चालू लागले. माळ्याने शिटी वाजवली. त्यांनी मागे पाहिले नाही.

परवा सकाळी मी नेहमीप्रमाणे खडूची खूण शोधत असता माझी सहा वर्षांची नात सज्जात येऊन बसली. तिला अभंगात रस नाही. तिला सर्वांत प्रिय असलेले गीत म्हणजे, लिफ्टचे दार उघडे राहिले की जी अज्ञात बाई हिंदीतून ते बंद करण्याची विनवणी करते तिचा आवाज; त्याच्या मागे वाजणाऱ्या सुरावटीसह ती तो हुबेहूब काढून दाखवते, आणि आजोळी गेली की तेथे लिफ्ट नसल्यामुळे तो स्वतःच म्हणून घेते. पन्नास वर्षांनी कोणत्या तरी शहरात त्या विनवणीने तिच्या घशाशी काय दाटून येईल याची कल्पना करून मला प्रथम हसू आले होते. हल्ली येत नाही.

ट्रान्झिस्टर जागेवर आला, स्वर मोकळा झाला, आणि तेवढ्यात करकरीत ओरखडा उमटला. मी वैतागून हात पुढे केला तोच नातीने माझे मनगट धरले.

"थांबा ना आजोबा, बंद नका करू."

तिने कान अगदी जाळीला लावला. तिचा बाप रात्रपाळीवरून याच सुमारास येतो. ती खरखर ऐकत होती, आणि ओठांनी, आवाज न करता, मजले मोजत होती. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला ती उठून उभी राहिली. खरखर चालूच होती. सहा, असे ओठ हलले, आणि ती पुन्हा खाली बसली. तिने कान जाळीला लावला आणि खडूची खूण पुसली जाऊ नये म्हणून पाय अंगाशी घेतले.